घरातली पायाळू

चांदीच्या इहिरीचं पानी तीन महिने उपसून राहिले, तरी तळ काही दिसंना.

इहीर आपली म्हनायला. वडदरीच्या डोंगरात राजाच्या येळंची खान व्हती ती, सोन्याचांदीची. कोन्या राजाची, ते कोनालाच ठावं न्हवतं. जिमिनीत चौकोनी तोंड आन् खाली सरळ भोक, बारा परस. एकावर एक बारा गडी उभे केले तर वरच्याचा पटका तेवढा बाहीर दिसंल, एवढं खोल. आजा-पंजापासून लोकांनी तेच्यात मेलेली वासरं टाकली, फुटके माठ टाकले, दोन-चार सासुरवाशिनींनी जीव टाकला. सोनं कोनाला आठवलं न्हाई. मंग परदेशात लढाई सुरू झाली, सोन्याचा भाव चढला. हैदराबादेहून एक साहेब आला, कपारीतले दगड फोडून भिंगातून बघून गेला, आन् महिन्याभरात उकंडराव पाटलानं पानी उपसायचा गुत्ता, म्हंजे ठेका घेतला. गावातल्या सहा बैलजोड्या वेठीला लागल्या. तेच्यातली एक ग्यानबाची.

मोट हाकावी ती ग्यानबानं, असं गाव म्हनायचं. बैल पुढं कोनीबी हाकतो. धावंवरून, म्हंजे मोटंच्या उतरत्या वाटंवरून, बैल उलट्या पावलानं मागं सारनं, ते खरं काम. पन ह्या पान्यानं तेलाबी घाईला आनलं. पान्याला गंजलेल्या खिळ्याचा वास. कातड्याची मोट पंधरा दिवसांत कुजून गळायला लागायची. बैल तेला तोंड लावत न्हवते. आन् ग्यानबाची बायको सखूबाई मोट रिकामी व्हती त्या थारोळ्यात उभी राहून दिवसभर गाळ बाजूला सारायची, तिच्या पायाच्या बोटांमधलं कातडं पांढरं पडून सुटलं व्हतं. सांजच्याला ती पायाला करडीचं तेल लावायची आन् दात आवळून बसायची.

"सोन्याच्या पान्यात उभ्या हाव तुमी वैनी," तांड्यावरचा थावरा म्हनायचा. तो खाली उतरून गाळ भरायचा. "पायात तोडे व्हतील आपोआप."

"तुज्या बायकोला, मिराबाईला धाड उद्या. तिला घाल तोडे."

"ती म्हनती, आधी पाय ऱ्हाऊ द्या."

"मंग शहानी हाय तुज्यापरीस."

सखूच्या पायाला गावात मान व्हता, ते येगळंच. गावाच्या लेखी सखू पायाळू. पायाळू म्हंजे जन्मताना पाय आधी आलेलं. अशाचा पाय लागला की चमक भरलेली कंबर मोकळी व्हती, आन् अशाला जिमिनीतलं धन दिसतं, हे वडदरीत लेकराबाळालाबी ठावं. तर चमक भरली की लोक ग्यानबाच्या दारात येऊन पालथं पडायचे, आन् सखू डावा पाय तीन येळा कंबरंवर ठिवायची. खुद्द उकंडराव येऊन पडला व्हता मागल्या साली. एवढं मोठं धूड, ओट्यावर पालथं, आन् सखूचा पाय पडला की रेड्यागत हुंकार द्यायचा. सखूनं घरात जाऊन तोंडात पदर कोंबला, ननंद जिवना पोट धरून कणगीआड बसली. दोघी सांज होवोस्तोर हसत व्हत्या.

कारन सखू काही पायाळू न्हवती. ती आपली सगळ्यांवानी डोक्यानं आली जगात. पायाळू व्हती ती जिवना.

पन पायाळूवर वीज पडती असंबी लोक मानत्यात, आन् तशी पोर कोन घरात करून घेतंय? द्वारकाबाई सुईन तोंडाची पातळ. नदीवर धुनं धुताना बोलून गेली, पार्वतीच्या घरात पायाळू हाय मून. पार्वतीबाई म्हंजे ग्यानबाची माय. तिनं दुसऱ्याच दिवशी चार बायांत सांगून टाकलं, "व्हय, सून हाय माजी. गोरेगावची." लगीन झालेलीला काय व्हतंय. द्वारकाबाई पुढं दोन महिन्यांत मेली. खरं काय ते घरातल्या चौघांनाच ठावं ऱ्हायलं. सखूलाबी तेचं काही वाटलं न्हाई. सहा वरसं कोनी नारळ दिला, कोनी चोळीचा खन. खोटं असं पचून गेलं व्हतं घरात, की सखू कधी कधी सोताच इसरायची.

पौष सरता सरता नवव्या परसावर बाजूच्या भिंतीत एक भोक उघडं पडलं. मानूस वाकून जाईल एवढं, आडवं, डोंगराच्या पोटात शिरलेलं. साहेबानं धाडलेल्या लोखंडी पिंपात बसून थावरा खाली गेला आन् लगेच दोर हालवला. वर आला तो घामानं भिजून.

"तोंडाशीच मानसाची हाडं हायेत," तो म्हनला. "बाजूला दगड फोडायची सुतकी पडलीय, गंजलेली. आत मी न्हाई जानार मालक. पहिलं पाऊल माजं न्हाई."

बाकीचे गडीबी टोपली टाकून बसले. धनाचा राखनदार हाय आत, ते म्हनले. पायाळूनं आधी आत पाऊल टाकावं, मंग आमी. उकंडरावानं शिव्या दिल्या, दोघांच्या पाठीवर काठी मोडली, तरी कोनी हाललं न्हाई. आन् खरं सांगायचं तं उकंडरावालाबी ते पटलंच व्हतं. साहेबाचा सांगावा आलेला, महिनाअखेरीला येतो, आत काय हाय ते दाखवा, न्हाई तं गुत्ता दुसऱ्याला.

सांजच्याला तो ग्यानबाच्या ओट्यावर येऊन बसला. पार्वतीबाई चुलीपुढं, जिवना जात्याशी. सखू गोठ्यात धार काढत व्हती.

"पार्वतीबाई, सुनेचं काम पडलं."

"कंबर धरली काय पुन्हा मालक?"

"खान धरली." तो हसला न्हाई. "उद्या सकाळी न्हाऊन, काजळ घालून यायचं. पिंपात बसून उतरायचं, त्या भोकात वीस पावलं जायचं, काय दिसतं ते बघून वर यायचं. सुपारी फोडायलाबी जास्ती येळ लागतो."

जात्यावरचा जिवनाचा हात थांबला.

"बाई मानूस हाय मालक," ग्यानबा म्हनला.

"पायाळूत बाई-गडी नसतं." उकंडरावानं जिवनाकडं बघितलं. "हट्टा गावचे सोयरे माज्या शब्दावर तयार झालेत ग्यानबा. तुज्या बहिनीला हळदीच्या मळ्यात घर मिळून राहिलंय. तेंला काय सांगू? पोरीचं घर आडमुठं हाय, मोडा सोयरिक?"

 पार्वतीबाईनं चुलीतलं लाकूड मागं वढलं, राखंत इझवलं.

"जाईल," ती म्हनली. "सून जाईल. नाव तिचंच हाय ना त्या कामाला."

गोठ्यात चरवीत दुधाची धार पडत व्हती. ती तशीच पडत ऱ्हायली.

उकंडराव गेल्यावर ग्यानबा गोठ्यात आला. सखूनं म्हशीच्या पाठीवर हात ठिवला व्हता, मान वळवली न्हाई.

"ऐकलंस?"

"बहिरी न्हाई मी." मंग म्हनली, "मला आंधारात हात दिसत न्हाई सोताचा. परवा माठ समजून कुत्र्यावर हात ठिवला."

ग्यानबाला हसू आलं, आन् आलं मून लाज वाटली.

"तुमी सांगा पाटलाला. मी सांगितलं तं सून खोटी पडंल, वरून पोरीचं लगीन मोडलं मून आत्याबाई मला जल्मभर कोलितानं डागतील. तुमचं ऐकतील."

"खरं सांगितलं तं जिवनाला उतरवतील."

"मंग जिवनालाबी न्हाई उतरवायचं आन् सखूलाबी न्हाई, असं सांगा. जमतंय का?"

ग्यानबानं बैलाच्या मानंवरचा घट्टा खाजवला. लई येळ खाजवला.

"एक डाव जाऊन ये," तो म्हनला. "कंदील देतो संगं. इहिरीत उतरताना करत्यात तसंच. कंदील मंद झाला की माघारी फीर. कंबरंला दोर राहील, दोन झटके दे, वढून घिऊ."

"तुमच्या तोंडून आलं ना," सखू म्हनली. तिनं चरवी उचलली. "मंग जाते."

सकाळी अर्धं गाव डोंगरावर. सखू न्हाऊन आलेली, वले केस, डोळ्यांत बोटभर काजळ. ते पार्वतीबाईनं घातलं व्हतं. कोनी नारळ फोडला, कोनी तिच्या पाया पडलं. कंबरंला दोर बांधला, तेचं दुसरं टोक थावराच्या हातात. पिंप मोटंच्या जाड नाड्याला, नाडा ग्यानबाच्या बैलांना. सखूनं एक पाय पिंपात टाकला आन् कंदिलाला हात घातला.

उकंडरावानं कंदील काढून घेतला.

"पायाळूला उजेड चालत न्हाई. उजेड पडला की धन सरकतं."

"व्हय, सरकतं," दोघं-तिघं म्हातारे म्हनले.

"असू द्या मालक," थावरा म्हनला. "हवेचं कळतं कंदिलावर."

"तू बैलांच्या पाठीवर मीठ वाहनाऱ्यांतला. तुला पायाळूचं काय ठावं?"

सखूनं ग्यानबाकडं बघितलं. धावंवर, बैलांच्या तोंडाशी तो उभा व्हता. हिला आत काही दिसनार न्हाई, हे त्या डोंगरावर तिघांना ठावं व्हतं. तेच्या मायला, सखूला आन् तेला. जिवनाला घरी ठिवलं व्हतं. ग्यानबाच्या जिभंवर शब्द आला, अगदी दातापर्यंत आला. माय तेच्याकडंच बघून राहिली व्हती.

तेनं कासरा धरला. बैल मागं सरले.

पान्याच्या मोटंपरीस सखू हलकी व्हती. लईच हलकी. बैलांनाबी नवल वाटलं असावं, ते कान हालवत ऱ्हायले.

"पोचले," खालून आवाज आला. लांबचा, माठात बोलल्यासारखा.

मंग थावराच्या हातातला दोर सरकाया लागला. तो मोठ्यानं मोजत व्हता, ग्यानबाला कळावं मून. एक वाव, पसरल्या दोन हातांएवढा. दोन. चारापर्यंत बरा गेला. मंग थांबत थांबत पाच, सहा. सातावर दोर उभा ऱ्हायला.

"थांबली," थावरा म्हनला.

"बघून राहिली," उकंडराव म्हनला. "हात लावू नको. पायाळू बघती तवा वढलं तं डोळे जात्यात तिचे."

ग्यानबाला धावंवरून भोक दिसत न्हवतं. नुसती मानसांची पाठ. उकंडरावानं पान लावलं, चावलं, थुंकला. ऊन चढलं.

"झटका आला का रं?" ग्यानबानं इचारलं.

"न्हाई."

डावा बैल मुतला. म्हातारे बिड्या वढून राहिले. उकंडरावानं दुसरं पान लावलं.

"थावरा, आला का?"

"न्हाई आला दादा."

"मंग वढ."

"मी सांगंन तवा वढायचं," उकंडराव म्हनला.

थावरानं तेच्याकडं बघितलं, आन् दोर वढला. दोर आला न्हाई. तेनं पाय रोवून वढला, तरी न्हाई. मंग तो ग्यानबाकडं बघून वरडला, "पिंप घे वर." ग्यानबानं बैलांवर आसूड वढला. रिकामं पिंप वर आलं, थावरा कंदील घेऊन तेच्यात बसला, आन् ग्यानबानं पुन्हा बैल मागं सारले.

खाली गेल्यावर थावरानं कंदील आडव्या भोकात धरला. हातभर आत धरला तोच इझला. तेनं नाका-तोंडाला पटका गुंडाळला, श्वास कोंडला, आन् दोराला धरून आत घुसला.

पिंप वर आलं तवा सखू तेच्या मांडीवर आडवी व्हती. दोन्ही गुडघे सोललेले. काजळ हनवटीपर्यंत उतरलेलं. तोंडात गाळ. हात दोरावरच व्हता, मुठीत घट्ट. पडली ती दोराच्याच अंगावर पडली व्हती, झटका दिला असंल तरी तो तिच्या पोटाखालीच दबून ऱ्हायला.

थावरा जिमिनीवर उलटी करत व्हता. "हवा खराब हाय," तो म्हनला. "हवाच न्हाई आत. कंदील बघा, इझला."

"कंदील आपोआप इझतो व्हय," उकंडराव हळूच म्हनला. "इझवला कोनीतरी."

आन् म्हातारे पुन्हा व्हय म्हनले.

पानी शेंदताना पाय घसरला, असं कागदावर लिवलं गेलं. ग्यानबानं तेच्यावर अंगठा दिला. मातीला गोरेगावहून सखूचे माय-बाप आले. तिची माय नर्मदाबाई, वाळकी, बुटकी बाई, तिला वाटंत कोनीतरी सारं सांगितलं व्हतं. ती सगळ्या गावापुढं उभी ऱ्हायली.

"कोन म्हनलं माजी पोर पायाळू? ती डोक्यानं आली. मी काढली तिला ह्या पोटातून. मला ठावं न्हाई तं काय तुमाला ठावं?"

पार्वतीबाईनं पदर तोंडावर घेतला आन् रडायला सुरुवात केली. ती खरंच रडत व्हती, तेच्यात खोट न्हवती. ग्यानबा सासूच्या पायाकडं बघत ऱ्हायला. तिनं जाताना तेला नुसतं इचारलं, "बैल तुमीच धरले व्हते म्हनं?" तो व्हय म्हनला.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत उकंडराव ओट्यावर आला. या डावाला तो लई मऊ बोलत व्हता.

"चूक झाली ग्यानबा. तुजी न्हाई, आपली सगळ्यांचीच. पायाळू न्हाई ती धाडली, मंग राखनदार कसा सोडंल?" तेनं कंबर सावरून बसून घेतलं. "साहेब चार दिवसांत येतो. मी इचार केला. द्वारकाबाई काही खोटं बोलनारी न्हवती. आन् ती काही गोरेगावला बाळंतपनं करायला गेली न्हवती. ह्या घरात तिनं दोनच जन्म केले. एक तू. एक ही."

जिवना परातीत गहू निवडत व्हती, लगनाचे. तिनं एक खडा उचलला आन् तसाच बोटात धरून ठिवला.



ग्यानबाला वाटलं, आता पुन्हा तसंच व्हईल. माय बोलंल, आन् आपुन गप ऱ्हाऊ. तेनं मायला बोलूच दिलं न्हाई.

"मी," तो म्हनला. "मी हाय पायाळू."

"तू?"

"लहानपनापासून लपवलं. सकाळी उतरतो. थावरा धरंल बैल."

उकंडरावानं तेला खालून वर बघितलं. तेला त्यात काही वावगं वाटलं न्हाई. कोन उतरतं तेच्याशी तेला घेनंच न्हवतं. "बरं," तो म्हनला आन् जोड्यात पाय घालायला लागला.

"तेचं ऐकू नका."

पार्वतीबाई उठून उंबऱ्यात आली व्हती. हाताला पीठ तसंच.

"ते पोरगं डोक्यानं आलं. बायकोच्या दुःखात बोलून राहिलंय. पोरगी हाय पायाळू. जिवना. पाय आधी आले तिचे, द्वारकाबाईनं हाताला तेल लावून वढली तिला."

"माय," ग्यानबा म्हनला.

"गप बस. एकुलता एक हाईस तू मला."

उकंडराव एका पायात जोडा घालून थांबला. "हट्ट्याला काय सांगायचं मंग? पायाळू तेंला चालनार न्हाई."

"काय सांगायचं ते सांगा."

"बरं," तो पुन्हा म्हनला. "सकाळी न्हाऊन तयार ऱ्हा पोरी. उजेड लागत न्हाई तुला, ते एक बरं हाय." आन् काठी टेकत निघून गेला.

जिवनानं परात बाजूला ठिवली. निवडलेले गहू आन् न निवडलेले, दोन्ही एकाच पोत्यात वतले. ग्यानबा तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला.

"तांड्यावर जा. आत्ताच जा, माय चुलीकडं हाय तोवर. थावरा नेईल तुला गाडीनं, वसमतला, कुटंबी. मी बघतो इथलं."

जिवनानं तेच्याकडं बघितलं. सखू मेल्यापासून पहिल्यांदाच नीट बघितलं.

"वैनीला काहून न्हाई म्हनलास असं?"

ग्यानबानं भुईवर सांडलेला एक गहू उचलला.

"गोठ्यात गेला व्हतास ना तू तिच्याकडं. मी जात्यापाशी बसून ऐकत व्हते, आता म्हनंल दादा, आता म्हनंल. तवा तांडा कुटं गेला व्हता? तवाबी थावरा व्हता, तवाबी गाडी व्हती." तिचा आवाज चढला न्हाई. "तिला जाऊन ये म्हनलास. मलाबी तेवढंच म्हन. मी कुटं जात न्हाई दादा. पळाले तं तुला उतरवतील, आन् मंग ही म्हातारी मला जगू देनार न्हाई."

तो तसाच उकिडवा बसून ऱ्हायला. तेला वाटलं, आत्ता उठावं, बैल सोडून द्यावे, नाडा कोयत्यानं तोडून इहिरीत टाकावा, उकंडरावाच्या दारात जाऊन बोंब ठोकावी. हे सगळं तेला लख्ख दिसत व्हतं. पायाला मुंग्या आल्या तरी तो हालला न्हाई.

"ताटं वाढलीत," पार्वतीबाईनं आतून हाक दिली. "गार व्हईल."

जिवना उठून आत गेली. थोड्या येळानं ग्यानबाबी गेला. तिघं चुलीपुढं बसले. पार्वतीबाईनं जिवनाच्या भाकरीवर तुपाची धार सोडली, एरवीच्या दुप्पट, आन् लोटी उचलून ठिवली.

ग्यानबानं भाकर मोडली. सकाळी बैलांना लवकर वैरन टाकायची व्हती.